चार दहा ते साडेसहा

तिला सगळे सुईताई म्हणायचे. रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करायची आणि तिचा हात इतका हलका होता, की काही लोक दारातूनच विचारायचे, "सुईताई आहेत ना आज? नसतील तर उद्या येतो." लॅब साडेसातला उघडायची. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सव्वासातपासूनच बाकावर बसलेली असायची, भुकेनं आधीच वैतागलेली. त्यांच्यातून वाट काढत सुईताई धापा टाकत आत शिरायची. केस अर्धेमुर्धे बांधलेले, खांद्यावरून पर्स घसरलेली आणि डोक्यात घरून आणलेलं भांडण तसंच चालू.

हे भांडण मुलीशी असायचं. मुलगी सात वर्षांची, दुसरीतली. हाताला लागेल ती वस्तू खिशात नाहीतर उशीखाली दडवायची सवय, म्हणून तिचं नाव खारूताई पडलं होतं. तिची शाळेची बस सात वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर यायची आणि एक मिनिटही थांबायची नाही. सुईताईचा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला होता. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर असायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे तात्या, तिचे सासरे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गेल्या वर्षभरापासून तात्या इथे राहायला आले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची कॉट, कॉटखाली एक पत्र्याची पेटी, भिंतीवर बायकोचा फोटो. बाकी पसारा नाही.

सुईताईचं आणि त्यांचं वाकडं नव्हतं, पण फार सूतही जुळलं नव्हतं. "तात्या, जेवायला वाढलंय", "तात्या, औषध घेतलंत का", यापलीकडे बोलणं जायचं नाही. तिला त्यांची एकच गोष्ट खुपायची. सकाळी तिची तारांबळ उडालेली असताना हे गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात उभे असायचे. हात मागे बांधून, नुसते बघत. मदत नाही, बोलणं नाही. त्यांना ओलांडून तिला चारदा आतबाहेर करावं लागायचं आणि दर वेळी ते अर्धं पाऊल सरकायचे आणि पुन्हा तिथेच. काय बघतात एवढं, असं तिच्या मनात यायचं. पण सासऱ्यांना विचारणार कसं?

त्या मंगळवारी मात्र सकाळ अगदीच बिनसली. दूध उतू गेलं, खारूताईच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सापडेना, ते शेवटी तिच्याच दप्तराच्या तळाशी निघालं. सुईताईच्या तोंडून नको ते बोलणं गेलं आणि पोर रडत रडत बसमध्ये चढली. बसच्या काचेतून तिनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. सुईताई लॅबमध्ये पोचली तेव्हा बाकावर नऊ जणं होती. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले आणि कामाला लागली. हात आपसूक चालत होते. डोळ्यांसमोर मात्र बसची काच होती.

साडेअकराला डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. लॅब त्यांचीच. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर दोन नळ्या आणि दोन कागद होते.

"या दोन बायकांची नावं सारखी आहेत. एकीपाठोपाठ एक आल्या होत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिचा रक्तगट आपल्याकडे आधीचा आहे. आजचा वेगळा आला. रक्तगट काही बदलत नसतो, सुईताई."

सुईताईनं लेबलं बघितली. तिनं अदलाबदल केली होती. अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं.

रिपोर्ट बाहेर गेले नव्हते, एवढंच नशीब. दोघींना फोन करून परत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं, ते डॉक्टरबाईंनी स्वतः. त्यातली एक बाई दोनदा टोचूनही काही बोलली नाही, उलट जाताना सुईताईला म्हणाली, "होतं असं कधीकधी." त्या वाक्यानं तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं आवरल्यावर डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवलं.

"सकाळी काय खाऊन येतेस?"

"काही नाही, मॅडम."

"मग घरून काय करून येतेस?"

सुईताईला खोटं सुचलं नाही. "भांडून," ती म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "एक महिना सुईला हात लावायचा नाही. नोंदणीच्या टेबलावर बस. ही शिक्षा आहे असं समजू नकोस. म्हणजे, आहे थोडी शिक्षाही. आज घरी जा."

*

दुपारी साडेबाराला घरी यायची तिला सवय नव्हती. कुलूप काढून ती आत आली. खारूताई तीनला यायची. तात्या वाचनालयात गेले होते, तिथली सगळी वर्तमानपत्रं संपवूनच ते उठायचे. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिली. रडावंसं वाटत होतं पण रडू येत नव्हतं. तोंडावर पाणी मारावं म्हणून उठली तर तात्यांच्या कॉटवर रुमाल दिसला, आणि रुमाल उचलला तर खाली एक वही होती. वहीवर एक जुनं, जड, गोल घड्याळ. मनगटावरचं नव्हे. शर्यतीत धरतात तसलं, वर बटण असलेलं.

वही उघडायला नको होती, हे तिला कळत होतं. तिनं उघडली.

तात्यांचं अक्षर छापल्यासारखं.

*६.१५ गजर. बंद केला.*
*६.२४ गजर. बंद केला.*
*६.३३ उठली.*
*६.३५ ते ६.३९ मोबाइल. चेहरा उतरला.*
*६.४३ दूध उतू.*
*६.४४ ते ६.४८ मोजे शोधणे. एक मिळाला.*
*६.५० पोरीवर आवाज चढवला. कारण बाटलीचं झाकण.*
*६.५४ पोर रडली.*
*६.५५ ते ६.५९ किल्ली शोधणे.*
*७.०१ दार आपटलं.*
*७.०२ घरात शांतता. फार.*

हे आजचं होतं. मागे काल, परवा, त्याआधी. रविवार सोडून चौदा दिवस. तिचं डोकं सणकलं. तात्या एका कारखान्यात होते हे तिला माहीत होतं. कामगार एक नट फिरवायला किती सेकंद घेतो, वळायला किती, वाकायला किती, हे शेजारी उभं राहून मोजायचं, हेच त्यांचं काम होतं. नवरा हसत सांगायचा, की कारखान्यात तात्या येताना दिसले की लोक तोंडं फिरवायचे. आता ते घड्याळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं होतं तर.

रागाच्या भरात ती पानं उलटत राहिली आणि तेव्हा तिला दिसलं, की प्रत्येक पानाच्या तळाशी, रेघ मारून, बारीक अक्षरात आणखी एक नोंद आहे. सगळीकडे तीच.

*स्वतः: ४.१० उठलो. ४.१० ते ६.३०, काही नाही.*

चौदा पानांवर चौदा वेळा. काही नाही. काही नाही.

ती वही मांडीवर घेऊन बसली होती तेव्हाच तात्या आले. दारातच थबकले. आधी तिच्याकडे, मग वहीकडे बघितलं. चप्पल काढायचंसुद्धा त्यांना सुधरेना.

"आज लवकर?" ते म्हणाले.

"तात्या, मी काय तुमच्या कारखान्यात कामाला आहे?"

"नाही, नाही." ते घाईनं म्हणाले. "कारखान्यात असतीस तर युनियननं मला केव्हाच फटकावलं असतं."

एरवी तिला हसू आलं असतं. आज आलं नाही. ती बोलत सुटली. लेबलं, रक्तगट, महिनाभर सुई बंद, सगळं. बोलता बोलता मघाचं अडकलेलं रडूही आलं. तात्या तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले, हात गुडघ्यांवर. मध्ये एकदा उठून त्यांनी पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला.

"मला तुझी चूक काढायची नव्हती," ती गप्प झाल्यावर ते म्हणाले. "मला दुसरं काही येतच नाही गं. तू सकाळी अशी धावतेस, मला बघवत नाही. तुझी सासू असती तर तिनं पदर खोचून हातच लावला असता. मी कुठे हात लावू? मला डबा भरता येत नाही, वेणी घालता येत नाही. म्हटलं, निदान मोजावं. मोजलं की कळतं कुठे अडतंय ते."

"मग? कळलं?"

"कळलं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा ठाम झाला. "एकवीस वर्षं मी माणसं मोजली. सगळ्यांना वाटतं हात मंद आहेत म्हणून वेळ जातो. हात कोणाचेच मंद नसतात. तुझे तर मुळीच नाहीत. वेळ जातो तो शोधण्यात. पाना शोध, फडकं शोध. तू रोज अकरा ते चौदा मिनिटं नुसती शोधतेस. मोजा, झाकण, किल्ली. आणि शोधताना माणूस चिडतं. चिडलं की पुढचं सगळं बिघडतं."

सुईताईनं वहीतल्या त्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हे काय आहे?"

तात्यांनी खिडकीकडे बघितलं.

"तिला दमा होता ना. पहाटे चारला तिला लागायचं. आडवं होता यायचं नाही, मग उठून बसायची. मी सोबत बसायचो. काही बोलायचो नाही फारसं. पाठीवर हात ठेवायचा, पाणी द्यायचं. सहा-साडेसहाला तिला बरं वाटायचं, मग चहा. सोळा वर्षं. मग ती गेली. डोळे अजून चारलाच उघडतात. मग बसतो. दिवा लावला तर तुमची झोप मोडेल, म्हणून अंधारातच."

पलीकडच्या खोलीत आपण गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढतो तेव्हा इकडे हा माणूस दोन तास अंधारात बसलेला असतो, हे सुईताईच्या ध्यानीमनी नव्हतं.

*

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटेल, पण आधी फज्जा उडाला.

तात्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पट्टी घेऊन एक मोठा तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. सहा वाजता उठणे. सहा-शून्य-तीन ते सहा-शून्य-सहा खारूताई दात घासणे. सहा-शून्य-सहा ते सहा-अकरा खारूताई संडास. आणि स्वतः घड्याळ घेऊन पॅसेजमध्ये उभे. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सुईताईनं दात ओठ खात सहन केलं. तिसऱ्या दिवशी संडासाच्या बंद दाराआडून रडवेला आवाज आला, "आजोबा, तुम्ही मोजू नका ना. मोजलं की होतच नाही!"

सुईताईला आधी हसू आवरेना, मग तात्यांनाही. त्यांनी स्वतःच जाऊन तक्ता काढला आणि घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"कारखान्यातसुद्धा लोक हेच म्हणायचे," ते पुटपुटले.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर सुईताईनं दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं. "मोजायचं नाही," ती म्हणाली. "पण शोधायचंही नाही. सकाळी जे जे शोधावं लागतं, ते आत्ताच शोधू." मग खारूताईच्या उशीखालून, कोटाच्या खिशातून, जुन्या बुटातून एकेक ऐवज निघाला. तीन मोजे, दोन खोडरबर, झाकण, एक चमचा आणि सुईताईची चार महिन्यांपूर्वी हरवलेली केसांची पिन. तात्यांनी दाराशेजारी दोन खिळे ठोकले, एक किल्लीसाठी, एक बाटलीसाठी. खारूताईचा खिळा तिच्या उंचीला. मोजे बुटांतच खोचून ठेवायचे असं ठरलं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

उरला गजर. मोबाइल उशाशी असला की हात आपोआप जातो आणि गजर गप्प होतो, हे सुईताईला पक्कं माहीत होतं. "तात्या, हा तुमच्याजवळ ठेवा. पावणेसहाला वाजेल. बंद मी येऊन करीन, तुम्ही करायचा नाही."

"मी हाक मारू का?"

"नको. तुम्ही फक्त दिवा लावून बसा."

"दिवा?"

"हो. मला उठायचंच आहे, मग अंधार कशाला?"

पहिल्या सकाळी ती डोळे चोळत, भिंतीला धरून बाहेर आली. मोबाइल कॉटच्या कडेवर वाजत होता आणि तात्या त्याच्याकडे पेटलेल्या फटाक्याकडे बघावं तसे बघत होते. तिनं तो बंद केला आणि उघडून न बघता उपडा ठेवला. हे तिनं मनाशी ठरवलं होतं, चहा होईपर्यंत बघायचा नाही. मग चहा केला, दोन पेले घेऊन आली आणि खुर्ची खिडकीशी ओढली.

तात्यांनी खिडकीची झडप उघडली. थंड हवा आत आली. खाली पाव पोचवणारी गाडी दुकानासमोर उभी होती आणि चालक इंजिन चालू ठेवून, पाट्या डोक्यावर घेऊन आतबाहेर करत होता. समोरच्या इमारतीत एका खिडकीत दिवा लागला, मग दुसऱ्या. सहाच्या सुमाराला रस्त्यावरचे दिवे एकदम विझले आणि उजाडलेलं असल्याचं लक्षात आलं.

"एरवी हे सगळं होतं रोज?" सुईताईनं विचारलं.

"होतं तर. पाववाला सोमवारी उशिरा येतो."

एवढंच बोलणं. पण चहाचा शेवटचा घोट घेताना तिला जाणवलं, की आपले खांदे खाली आलेत. इतके दिवस ते वर ओढलेले होते, हेही तेव्हाच कळलं.

लगेच जादू झाली असं नाही. पहिला आठवडाभर तिला दुपारी नोंदणीच्या टेबलावर जांभया येत होत्या. मध्ये खारूताईला ताप आला आणि चार दिवस सगळंच विस्कटलं. गजर वाजून वाजून थकला, खिळ्यावर किल्ली नव्हती, सुईताई एकदा पहिल्यासारखीच ओरडलीही. पाचव्या दिवशी ती पुन्हा पावणेसहाला बाहेर आली तेव्हा तात्यांनी काही विचारलं नाही. दिवा लावलेला होता.

हळूहळू खिडकीशी बोलणं होऊ लागलं. तात्या सासूबाईंबद्दल सांगायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं घड्याळ बघितलं तेव्हा विचारलं होतं, "हे चालतं कशावर, लोकांच्या शिव्यांवर का?" सुईताई आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या बोलण्याच्या आवाजानं खारूताई आपली आपण उठायची आणि पांघरूण ओढत येऊन आईच्या मांडीत बसायची. तिला उठवण्यासाठी पूर्वी जो आरडाओरडा व्हायचा, त्याची गरजच उरली नाही. नाश्त्याला पाव आणि अंडं. तेही आता सुईताई बसून खायची. एकदा बोटीवरून नवऱ्याचा फोन आला, नेमका साडेसहाला. दोन मिनिटं बोलून तो मध्येच थांबला.

"घरात कोणी नाहीये का?"

"आहेत की सगळे. का?"

"नाही, कोणी ओरडत नाहीये, म्हणून विचारलं."

*

तात्यांचा प्रश्न तेवढ्यानं सुटला नव्हता. पावणेसहानंतर सोबत होती, पण चार दहा ते पावणेसहा उरलेच होते. सुईताईनं सुचवलं, "पाचला एक फेरी मारून या. बागेपर्यंत." त्यांनी आढेवेढे घेतले. एकट्यानं काय फिरायचं, ओळखीचं कोण आहे इथे. शेवटी एक दिवस गेले.

परत आले ते सहा वाजता, चेहरा लालबुंद.

"काय झालं?" ती घाबरली.

"बागेत एक माणूस भेटला. मला बघितल्याबरोबर ओरडला, 'घड्याळसाहेब!' भट्टीवर होता आमच्या कारखान्यात. तीस वर्षांनी भेटतोय आणि पहिलं वाक्य काय, तर 'तुम्ही माझी बिडीची पाच मिनिटं कापली होती, ती परत द्या.'"

"मग?"

"मग काय, भांडलो. चांगले अर्धा तास भांडलो. तो म्हणतो पाच मिनिटं, मी म्हणतो तीन. माझ्याकडे नोंद असणार."

"तात्या!"

"उद्या पुन्हा यायला सांगितलंय त्याला," तात्या म्हणाले आणि चहाचा पेला हातात घेतला.

भट्टीवाला दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही. त्याचीही झोप पहाटेच उडायची. भट्टीच्या पहिल्या पाळीनं जन्माची सवय लावून ठेवली होती. दोघं बागेला चार फेऱ्या मारायचे आणि जुन्या कारखान्यातल्या एकेका माणसाची उजळणी करायचे. कोण गेलं, कोण आहे, कोणाचा पोरगा कुठे लागला. पाच मिनिटं का तीन, हा वाद काही मिटला नाही. तो मिटावा अशी दोघांचीही इच्छा दिसत नव्हती.

*

लॅबमधला महिना संपायला आठवडा होता. सुईताईच्या जागी बसवलेला तरुण कामाला वाईट नव्हता, पण त्या सकाळी एक सत्तरीचे आजोबा आले, काटकुळे, हातावर शिरेचा पत्ता नाही. दोनदा टोचून झालं, रक्त येईना. आजोबांचे ओठ थरथरायला लागले. डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्यांनी बघितलं आणि नोंदणीच्या टेबलाकडे वळल्या.

"सुईताई, हात धू."

तिनं हात धुतले. स्टूल ओढून आजोबांच्या समोर बसली. कोमट पाण्यात कापड पिळून त्यांच्या कोपरावर ठेवलं आणि काहीच न करता बसून राहिली.

"थांबलात का?" आजोबांनी विचारलं.

"शीर वर येऊ दे. तिला घाई केलेली आवडत नाही."

"मलाही नाही आवडत," ते म्हणाले.

मागे आठ माणसं बाकावर होती. कोणीतरी घड्याळाकडे बघून उसासा टाकला. एरवी तो उसासा सुईताईच्या पाठीत रुतला असता. आज तिला तो ऐकू आला आणि तेवढंच. तिनं कापड बाजूला केलं, बोटानं चाचपलं, त्वचेखाली दोरीसारखं काहीतरी हललं. एकदाच टोचलं. नळी भरायला लागली.

"झालं?" आजोबा मान फिरवून बसले होते.

"केव्हाच."

तिनं लेबल उचललं, त्यांचं पूर्ण नाव आणि वय मोठ्यानं वाचलं, "बरोबर?" विचारलं, त्यांनी मान हलवल्यावर चिकटवलं आणि पुन्हा एकदा वाचलं. डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या.

"उद्यापासून आपल्या जागेवर बस," त्या म्हणाल्या. "आणि हे मोठ्यानं वाचायचं आहे ना, ते त्यालाही शिकव." मग जाता जाता वळून, "घरून काय करून येतेस हल्ली?"

"सासऱ्यांबरोबर चहा पिऊन, मॅडम."

"बरं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं.

*

पुढे एका गुरुवारी खारूताईचा पुढचा दात नाश्ता करताना पावात अडकून पडला. किती दिवस हलत होता. आधी तिनं किंकाळी फोडली, मग आरशात तोंड बघितलं आणि हसत सुटली. तात्यांनी तिला गुळण्या करायला लावल्या, सुईताईनं कापसाचा बोळा दिला. दात कपात धुतला, कागदात बांधला, सोडला, पुन्हा बघितला. शीळ घालता येते का, याची परीक्षा झाली. येत होती, फुसफुस करत. या सगळ्यात बस कोपऱ्यावर आली आणि निघूनही गेली. खिडकीतून तिचं मागचं टोक तेवढं दिसलं.

खारूताईनं हळूच आईकडे बघितलं.

"गेली," सुईताई म्हणाली. "चल, बूट घाल. चालत जाऊ."

"मीही येतो," तात्या म्हणाले आणि त्यांनी दप्तर आपल्या खांद्यावर टाकलं.

शाळा पंचवीस मिनिटांवर होती. खारूताई मध्ये, दोघांचे हात धरून, तोंडातलं खिंडार येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत. कपडे इस्त्री करणाऱ्या दुकानाची फळी उघडत होती, एक बाई पायऱ्यांवर पाणी मारत होती. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. पहारेकऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा खारूताईनं त्याला कागदातला दात दाखवला आणि त्यानं फाटक उघडलं.

"तुला उशीर झाला," तात्या सुनेला म्हणाले.

"हो. झाला."

ते बागेच्या दिशेला वळले आणि ती लॅबकडे निघाली. भरभर चालली, पण धावली नाही. बाकावर सात जणं होती. तिनं दारातच सांगितलं, "आज मला वीस मिनिटं उशीर झाला, मला माफ करा. मुलीचा दात पडला." एक बाई म्हणाली, "पहिला का?" आणि बाकावरची दोन-तीन माणसं हसली. सुईताईनं पर्स कपाटात ठेवली, हात धुतले आणि पहिलं नाव पुकारलं.